एक प्रत घोड्यावर, एक पाण्यावर

सीडर पॉइंट, ४ मार्च १७६८

प्रिय ज्युडिथताई,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत आणि तुझं नाव या घरात अजून घेतलं जात नाही. परवा जेवताना एका पाहुण्याने फिलाडेल्फियाचा विषय काढला, तर बाबा म्हणाले, "तिथे क्वेकर लोक गव्हर्नरालाही अरे-तुरे करतात आणि डोक्यावरची टोपी काढत नाहीत. असल्या गावाशी आपलं काय काम?" हा टोला भावोजींना होता, हे टेबलाखालच्या मांजरालासुद्धा कळलं.

मी कॉलेज सोडलं. काढलं नाही, सोडलं. लॅटिनच्या वहीत एकाच मुलीचं नाव चाळीस वेळा सापडलं, सर हसले, मी दौत फेकली. दौत भिंतीला लागली, हे मात्र बाबांना कळवायचं राहून गेलं. त्यांची समजूत आहे की सरांचं डोकं फुटलं.

ती मुलगी म्हणजे अरॅबेला, माझी बेला. कर्नल पेंडरिलांची धाकटी. नदीच्या पलीकडच्या काठावर आत्याकडे हिवाळाभर आहे. ताई, तू ज्या दिवशी एक पेटी घेऊन त्या घड्याळजीबरोबर निघून गेलीस, त्या दिवशी मी तुला वेडी म्हणालो होतो. आता म्हणत नाही. तिने होकार दिलाय, कर्नलसाहेबांनीही दिलाय, बाबांना तर डोंगरातल्या आपल्या जमिनीला लागून असलेली कर्नलांची जमीन हवीच आहे. अडलंय एका कागदावर, आणि तो कागद तुझ्या हातात आहे.

आजीने मृत्युपत्रात आपली गुलाम सबिना तुझ्या नावे केली होती. तू गेलीस, ती इथेच राहिली, पण कागदावर अजून तुझी आहे. त्यामुळे माझ्या लग्नाचा दस्त होत नाही. तू एक हक्कसोड लिहून दे: "सबिनावर आमचा कसलाही हक्क नाही." भावोजींचीही सही लागेल, लग्नानंतर बाईचं ते नवऱ्याचं, हे तुमच्या पंथानेही अजून बदललेलं नाही. तुम्ही लोक असं लिहून द्यायला आनंदाने तयार असता असं ऐकतो. मग यात तुला जड काय?

आणि पेढीची रीत विसरू नकोस. एक प्रत घोड्यावर, एक पाण्यावर. एक टपालाने माझ्या नावे, दुसरी कॅप्टन ट्रेफ्रीच्या गलबताने बाबांच्या पेढीच्या नावे. आपण तिघं त्या लांब टेबलाशी बसायचो ते आठवतं? तू गोल अक्षरात नक्कल करायचीस, मी तिरक्या, आणि सबिना वाळू टाकून शाई टिपायची.

माझं सगळं आयुष्य तुझ्या एका ओळीवर आहे. लवकर लिही.

तुझा,
रॅल्फ


सीडर पॉइंट, २४ मार्च

ताई,

तुझा कागद रविवारी आला. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

सांगणारच होतो. पण तू सोबत लिहिलंस, "कोणताही माणूस माझा नाही असं लिहून देताना माझ्याच हातातली बेडी सुटली. सबिनाला माझा निरोप सांग." ते वाक्य वाचलं आणि जेवण गेलं नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो नाही, पण खरंही बोललो नाही. आता बोलतो.

सबिना सुटत नाहीये. तू सोडलेला हक्क हवेत जात नाही, बाबांकडे जातो. बाबा तो माझ्या लग्नाच्या दस्तात घालतील आणि सबिना आमच्याबरोबर डोंगरातल्या नव्या जमिनीवर येईल. चार दिवसांची वाट. यॉर्क इथेच राहील. यॉर्क म्हणजे आपला होडीवाला. तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्या दोघांनी संसार मांडला. त्यालाही बरोबर द्या असं मी बाबांना म्हणून बघितलं. म्हणाले, "या नदीतला वाळूचा प्रत्येक बांध त्याला पाठ आहे. तो गेला तर माझी तंबाखूची पिंपं गलबतापर्यंत कोण नेणार, तुझ्या कविता?"

तू विचारशील, सबिनाच का? घरात पन्नास माणसं आहेत.

कारण मी लिहिलं. जानेवारीत बेलाला पत्र लिहीत होतो, रंगात आलो होतो, आणि लिहून गेलो: "डोंगरात तुला एकटं वाटणार नाही. आमची सबिना तुला देईन. तिच्यासारखे केस या नदीच्या दोन्ही काठांवर कुणी बांधत नाही." दुसऱ्याने गुलाबाचं फूल पाठवलं असतं. मी माणूस पाठवलं. बेलाने ते पत्र आत्याला वाचून दाखवलं, आत्याने कर्नलला, आणि कर्नल म्हणाला, "मुलाने शब्द दिलाय. दस्तात नाव घाला, नाहीतर दस्त नको."

तुझा निरोप सांगायला मी इस्त्रीच्या खोलीत गेलो.

"ज्युडिथताईंनी सही केली?" तिने विचारलं.

"केली."

"मग आता मी कुणाची?"

"बाबांची."

"आणि तुमचं लग्न झाल्यावर?"

मी तिथली एक थंड इस्त्री उचलून बघत बसलो.

"केस विंचरायला नेताय मला डोंगरात," ती म्हणाली. "त्या बाईंच्या डोक्यावर केस आहेत तरी किती?"

दुसऱ्या कुणी बेलाबद्दल असं म्हटलं असतं तर... जाऊ दे. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. लहानपणी मी नदीत पडलो तेव्हा तिनेच केसांना धरून मला ओढलं होतं.

"धाकटे मालक, एक सोपी गोष्ट सांगू? नाही म्हणा. लग्न तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात की कुणालाच काही लिहावं लागत नाही."

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुला काय कळतंय प्रेम म्हणजे काय!"

ती खिडकीतून खाली धक्क्याकडे बघत राहिली. तिथे यॉर्क होडी उलटी घालून फटींत डांबर भरत होता.

ताई, तू दुसरा कागद लिही. लिही की सबिना माझी आहे आणि मी तिला देत नाही. 'माझी' हा शब्द तुझ्या तोंडून निघणार नाही, ठाऊक आहे मला. एकदाच काढ.

रॅल्फ


सीडर पॉइंट, ३१ मार्च

ताई,

मी तो कागद जाळला!

काल दुपारी, धूम्रघरात, जिथे डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात तिथल्या निखाऱ्यांवर. तुझी सही आधी काळी पडली, भावोजींची नंतर. इतकं हलकं मला कॉलेजची पायरी उतरतानाही वाटलं नव्हतं. आता कागद नाही, म्हणजे सबिना दस्तात नाही. कर्नल चार दिवस फुगेल, मग दुसरं काहीतरी मागेल, आणि बेला माझीच राहील. मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली.

तसाच धावत गेलो. सबिना विहिरीवर होती, यॉर्क तिच्या बादल्या उचलत होता. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल, निदान देवाचं नाव तरी घेईल.

ती म्हणाली, "आणि दुसरी?"

"दुसरी काय?"

"दुसरी प्रत. इतकी वर्षं त्या टेबलावरची शाई मी टिपली, धाकटे मालक. या घरातून एकटं पत्र कधी निघालंय का? घोड्यावरची जाळलीत. पाण्यावरची कुठे आहे?"

ताई, मी विसरलो होतो. मीच तुला लिहिलं, दोन प्रती काढ म्हणून, आणि मीच विसरलो. ट्रेफ्रीचं गलबत कधी सुटलं तुमच्याकडून? तो प्रत्येक धक्क्याला थांबत येतो, म्हणजे आठवडा, फार तर दोन. आणि त्या पुडक्यावर नाव बाबांच्या पेढीचं.

यॉर्कने बादल्या खाली ठेवल्या. गलबत आलं की टपालाचं पुडकं आणायला होडी घेऊन तोच जातो. म्हणाला, "माझ्या हातून पाण्यात पडेल."

"अरे, चामड्याच्या पिशवीत असतं ते! बाबा मूर्ख आहेत का? पाठीची सालं काढतील तुझ्या."

"काढू देत. पाठ परत भरून येते."

मी त्याला नाही म्हणालो. मला ते बघवलं नसतं. आणि खरं सांगू, गुन्हा माझा आणि फटके त्याला, यात माझी मान कुठे राहते? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तू काहीही करायचं नाहीस. मी स्वतः धक्क्यावर उभा राहीन. ट्रेफ्री मला ओळखतो, पेढीचं पुडकं माझ्या हातात देईल. हा माझा शब्द."

यॉर्कने सबिनाकडे बघितलं. तिने खांदे उडवले. "शब्द आहे म्हणतात," ती म्हणाली. "मागच्या शब्दानंतरचा हा दुसरा."

रॅल्फ


सीडर पॉइंट, १३ एप्रिल

ताई,

नऊ दिवस मी त्या धक्क्यावर उभा होतो. नऊ दिवस, उन्हातान्हात. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचल्यावर तू ते विसरशील.

काल सकाळी बेलाची चिठ्ठी आली. "आत्या प्रार्थनामंदिराच्या कामाला गेलीय. बागेत ये." तीन आठवड्यांत आम्ही एकमेकांना एकटे भेटलो नव्हतो. कर्नल तिला घेऊन जायचं म्हणतोय, दस्त होईपर्यंत भेट नाही म्हणतोय. मी काय करायला हवं होतं?

नदी ओलांडायला यॉर्कच लागतो. होडी ढकलताना त्याने आभाळाकडे बघितलं. "वारा फिरलाय. आज येईल गलबत."

"तासाभरात परत," मी म्हणालो.

तो होडीत बसून राहिला. मी बागेत गेलो. आम्ही काय बोललो ते तुला सांगण्यासारखं नाही आणि मला आता आठवतही नाही. एवढं आठवतं की तिने मनगटाला निळी फीत बांधली होती आणि ती सोड म्हणून मागे लागली होती. तेवढ्यात फाटकाशी यॉर्क आला. टोपी हातात.

"धाकटे मालक. गलबत."

झाडांमधून शीड दिसत होतं. अजून पार खालच्या वळणावर होतं, शपथ.

बेला हसली. "तुमच्या होडीवाल्याला तुमच्यापेक्षा घाई आहे. की मला कंटाळलात?"

मी म्हणालो, "पाच मिनिटं, यॉर्क."

तो गेला नाही. फाटकाशीच उभा राहिला. परत म्हणाला, "धाकटे मालक." आत्तापर्यंत मला कुणी असं म्हटलेलं नाही, ताई, जणू मीच नदीत बुडत होतो आणि तो काठावरून हाका मारत होता. मला राग आला. मी म्हणालो, "ऐकू आलं ना एकदा?"

पाच मिनिटंच होती ती. फार तर दहा.

अर्ध्या नदीत असताना दिसलं, आमची होडी जागेवर नाही म्हणून ट्रेफ्रीने स्वतःचीच छोटी होडी सोडली होती. तो धक्क्यावरून घराकडे चढत होता आणि बाबा पायऱ्या उतरून त्याला सामोरे येत होते. यॉर्कने वल्हं थांबवलं. आता घाई नव्हती.

"मी असतो तर आत्तापर्यंत तळाशी गेलं असतं," तो म्हणाला. एवढंच. मग वल्हं परत पाण्यात घातलं.

संध्याकाळी जेवणाला ट्रेफ्री होता, धर्मोपदेशक होते. बाबांनी पेला उचलला. "कॉलेजने याला काही शिकवलं नाही, पण घराने शिकवलं. मला न सांगता याने हक्कसोड मागवली, आणि कशी मागवली? दोन प्रती! घोड्यावरची वाटेत कुठेतरी हरवली, पाण्यावरची पोचली. यालाच धंदा म्हणतात. रॅल्फ, ये, माझ्या शेजारी बस."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला शेजारी बसवलं. सबिना माझ्या खुर्चीमागे शिंपल्यांची थाळी घेऊन उभी होती. थाळी जरासुद्धा हलली नाही.

बाबांनी माझ्यासाठी वाइन ओतली. मी प्यालो, ताई.


सीडर पॉइंट, २ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. सही मागे घेतल्याचा कागदही मिळाला. 'माझी' हा शब्द तू लिहिलास, बघितला मी. त्यावर शाई सांडल्यासारखी दिसते. मी तो वकिलाला दाखवला. तो म्हणाला, दिलेला हक्क परत मागता येत नाही, आणि तुझ्या बहिणीचं डोकं ठिकाणावर आहे का?

आणि तुझी ती तीन ओळींची पुरवणी! "मी सही केली ती तुझ्यावर विसंबून. आता माझ्या कागदात पळवाट शोधू नकोस. तोंड तुला आहे, नाही म्हण." तू आणि सबिना एकच पाठ म्हणता. सोपं आहे तुम्हाला. तू कुणाला नाही म्हणालीस? बाबांना! तुला त्या बदल्यात घड्याळजी मिळाला. मी नाही म्हणालो तर मला काय मिळणार? माझ्या जागी तू असतीस तर?

नको, उत्तर देऊ नकोस. माझ्या जागी तू होतीस.

दस्त शनिवारी झाला. त्यात सबिनाच्या नावासमोर 'केस व शिवण' असं लिहिलंय. सोमवारी, नऊ तारखेला, तिला गाडीतून पुढे धाडणार, घर लावायला. यॉर्क रोज संध्याकाळी होडी धुतो, धुतलेलीच परत धुतो. सबिना माझ्याशी अगदी नीट बोलते. "हो, धाकटे मालक. बरं, धाकटे मालक." टोमणा नाही, काही नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अजून सात दिवस आहेत. मी बोलेन. रविवारी प्रार्थनेनंतर बाबांचं मन जरा मऊ असतं, तेव्हा बोलेन.

रॅल्फ


सीडर पॉइंट, ११ मे

ताई,

हे पत्र उभ्याउभ्या वाच आणि मग चुलीत घाल.

रविवारी आम्ही सगळे चर्चला गेलो होतो. परत आलो तर धक्क्यावर होडी नव्हती. सबिना नाही, यॉर्क नाही. इस्त्रीच्या खोलीत बेलासाठी शिवलेल्या टोप्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या.

उत्तरेकडच्या पोटोमॅक नदीच्या तरीवाल्याने त्यांना पलीकडे उतरवलं. त्याचा काय दोष? त्यांच्याजवळ परवाना होता: "हे दोघे माझ्या कामासाठी उत्तरेला जात आहेत, त्यांना जाऊ द्यावे." खाली सीडर पॉइंटचं नाव. मंगळवारी शोधाची बातमी पोचल्यावर तो माणूस परवाना घेऊन इथे आला.

बाबांनी तो उघडला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "ज्युडिथ."

चार वर्षांनी, ताई. तुझं नाव.

अक्षर तुझंच होतं. तेच गोल, तोच 'य' खाली ओढलेला. बाबांनी कागद माझ्याकडे फेकला. "बघ, हे तिचं अक्षर आहे की नाही?" मी बघितलं, आणि मला ते लांब टेबल दिसलं, आणि पलीकडे वाळूची डबी घेऊन उभी असलेली सबिना. तुझ्या खांद्यावरून ती बघायची. मला वाटायचं, शाई वाळली की नाही ते बघते. तू शिकवलंस तिला? की ती आपली आपणच शिकली? मला कधी कुणी सांगितलं नाही. बरं केलंत.

मी म्हणालो, "हो, तिच्यासारखंच आहे." दुसरं काय म्हणणार? सबिनाला लिहिता येतं हे त्यांना कळलं असतं, तर ती वाटेत पुढचा परवानाही लिहू शकते हेही कळलं असतं.

तेव्हा त्यांची खात्री आहे की हे सगळं तू घडवलंस. मुकादम डगन आणि दोन माणसं उद्या घोड्यावरून फिलाडेल्फियाला निघतील, सरळ तुझ्या दाराशी. ती दोघं तुझ्याकडे आली असतील तर ठेवून घेऊ नकोस. एक रात्रही नाही. पुढे धाड, तुमच्या मंडळींत कुणाकडेही, आणि कुठे ते मला कळवू नकोस. तुझी पत्रं आता बाबा फोडणार.

अजून एक. बाबांनी वर्तमानपत्रासाठी जाहिरात लिहायला मला बसवलं. "तुझं अक्षर चांगलं आहे. दोन प्रती. एक विल्यम्सबर्गला, एक ॲनापोलिसला." मी लिहिली. सबिना उंच झाली आहे आणि तिच्या हनुवटीवर भाजल्याचा डाग आहे. यॉर्क अडखळत बोलतो, डाव्या पायाने लंगडतो, वय पन्नास. वाचून तूसुद्धा त्यांना ओळखणार नाहीस. बाबांनी न वाचता खाली सही केली. म्हणाले, "आता तुझ्यावर सोपवायला हरकत नाही."

मी नाही म्हणालो, असं तुला लिहायची फार इच्छा होती. तसं एक पत्र लिहिलंही. छान जमलं होतं. फाडलं. रविवारी प्रार्थनेनंतर बोलणार होतो, हे खरं आहे. पण चर्चच्या दारात बेला भेटली, आणि परत येताना मी तिच्या गाडीबरोबर घोडा चालवला. बोलायची वेळ आली तेव्हा होडी गेलेली होती. त्यांनी माझी वाट पाहिली नाही.

कर्नलने दस्त फाडला. ज्या घरात माणसं टिकत नाहीत, तिथे मुलगी देणार नाही म्हणतो. बेलाने माझी सगळी पत्रं परत पाठवली, निळ्या फितीत बांधून. वर जानेवारीतलं पत्र आहे. ते मी जाळलेलं नाही आणि जाळणारही नाही.

हे पत्र मी दोनदा लिहिलंय. एक टपालस्वाराच्या हातात मी स्वतः देईन. तो डगनच्या आधी पोचेल. दुसरं ट्रेफ्रीकडे, तो आज उलट निघतोय. शीड दिसायला लागल्यापासून मी धक्क्यावर आहे. कुणी हाक मारली तरी हलणार नाही.

मजकूर दोन्हींत तोच आहे, ताई. या वेळी दोन्ही पोचू देत.

रॅल्फ